वस्त्रखरेदीतील ग्राहकविवेक

वस्त्रखरेदीतील ग्राहकविवेक : वस्त्र विकत घेताना किंमत, रंग, पोत व टिकाऊपणा यांच्या जोडीला ते कोणी विणले, विणणाऱ्यास काय मोबदला मिळाला, कोणता कच्चा माल वापरला आणि विक्रेत्याने दिलेली माहिती खरी आहे काय, यांचाही विचार करून केलेली निवड. अन्नाप्रमाणे वस्त्रही प्रत्येकास लागते. परंतु धान्य पिकविणारा शेतकरी ग्राहकाच्या परिचयाचा असतो, तसा विणकर बहुधा नसतो. कापूस अथवा कोसला, सूत, रंगकाम, विणकाम, शिलाई व विक्री अशा अनेक टप्प्यांतून वस्त्र ग्राहकापर्यंत पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर वेगळी माणसे राबतात आणि अखेरच्या किंमतीच्या चिठ्ठीवर त्यांपैकी कोणाचीच खूण राहत नाही. ही खूण शोधण्याचा प्रयत्न म्हणजे ग्राहकविवेक होय. महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास करण्यास नासिक जिल्हा विशेष सोयीचा आहे. कारण येवल्याची हातमागावरील पैठणी व मालेगावचे यंत्रमागावरील कापड हे वस्त्रोद्योगाचे दोन भिन्न प्रकार या एकाच जिल्ह्यात नांदत आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नासिक परिसरातील विणकरांचा उल्लेख शिलालेखांतही आढळतो. नासिकजवळील पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी एका श्रेणीकडील २,००० कार्षापणांवर दरमहा दर शेकडा एक कार्षापण व्याज मिळावयाचे होते आणि त्यातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते व वीस भिक्षूंचा खर्चही तेवढाच होतो. राजकुलातील व्यक्तीने कायमची ठेव विश्वासाने सोपवावी इतकी विणकरांची संघटना त्या काळी सधन व पतदार होती, हे या लेखावरून दिसते.

वस्त्राच्या निवडीला नैतिक व राजकीय अर्थ प्राप्त झाला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधील गिरण्यांच्या स्वस्त कापडामुळे देशी विणकरांचा धंदा बसत चालला, तेव्हा लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी मालाच्या वापराचा पुरस्कार केला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे स्वतः कातलेल्या सुताची वस्त्रे वापरीत आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने खादीच्या पोशाखातच उपस्थित राहिले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्ता येथील सभेत स्वदेशीचा ठराव झाला. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी करण्यात आली. तीत पुढाकार घेणारे वि. दा. सावरकर हे नासिकजवळील भगूरचे होत. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापड वाहून नेणारी मोटार अडविताना गिरणी कामगार बाबू गेनू यांना मुंबईत प्राण गमवावे लागले [→ खादी; स्वदेशी चळवळ].

पाश्चात्त्य देशांतही याच सुमारास वेगळ्या दिशेने विचार होत होता. अमेरिकेत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहकसंघाने फ्लॉरेन्स केली यांच्या नेतृत्वाखाली ‘पांढरी चिठ्ठी’ प्रचारात आणली. ज्या कारखान्यांत बालकामगार नाहीत व कामाची परिस्थिती समाधानकारक आहे, त्यांच्याच शिवलेल्या कपड्यांना ही चिठ्ठी लावली जाई. स्वदेशीने ग्राहकास ‘माल कोठला?’ हा प्रश्न शिकविला, तर या चिठ्ठीने ‘माल कसा तयार झाला?’ हा प्रश्न शिकविला. दुसऱ्या प्रश्नाची निकड २४ एप्रिल २०१३ रोजी पुन्हा जगापुढे आली. त्या दिवशी बांगला देशात ढाक्याजवळ साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. इमारतीस तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसले असूनही तेथील शिलाई कारखान्यांतील कामगारांना कामावर बोलाविण्यात आले होते. ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांवर श्रीमंत देशांतील परिचित व्यापारी नावांच्या चिठ्ठ्या होत्या.

येवला व मालेगाव : येवला हे नासिकच्या पूर्वेस, नासिक–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. रघोजी नाईक यांनी सवलती देऊन रेशीम विणकरांना येथे वसविले, अशी परंपरा आहे. पैठणीचे मूळ गाव गोदाकाठचे पैठण. तथापि आज पैठणीच्या विणकामाचे प्रमुख केंद्र येवला व त्याच्या आसपासची गावे हे आहे. खत्री, साळी व कोष्टी हे येथील परंपरागत विणकर समाज होत. पेशवाईत पैठणीस राजाश्रय होता. हैदराबादच्या निजामाच्या घराण्यातही तिला मान होता. आजही मराठी घरांतील लग्नकार्यात पैठणीचे स्थान अढळ आहे. अनेक घरांत आईची पैठणी मुलीकडे अथवा सुनेकडे जाते.

मालेगाव हे मोसम नदीकाठचे शहर. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर मोठ्या संख्येने येथे येऊन स्थायिक झाले. १९३० नंतरच्या दशकात येथे यंत्रमाग येऊ लागले आणि पुढे हातमाग जवळजवळ नाहीसे झाले. सुती व कृत्रिम धाग्यांचे कोरे कापड, साड्या, लुंग्या यांचे मोठे उत्पादन येथे होते. सामान्य माणसाच्या अंगावरील स्वस्त कापड मुख्यतः मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या गावांतील यंत्रमागांवरच विणले जाते. मागांचा अखंड खडखडाट, सुताचे तंतू मिसळलेली हवा, लांबलचक पाळ्या आणि नगावर ठरणारी मजुरी हे तेथील कामगारांपुढील प्रश्न आहेत. हातमाग चांगला व यंत्रमाग वाईट, अशी सरळ विभागणी म्हणूनच करता येत नाही. दोन्हींवर कष्टकरी कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले जाते, तेव्हा मात्र एकाच्या कौशल्याचे मोल दुसऱ्याच्या नावावर, किंबहुना मधल्या व्यापाऱ्याच्या पदरात पडते.

पैठणीची निर्मिती व किंमत : पैठणीच्या किंमतीत मुख्य वाटा रेशीम, जर व वेळ यांचा असतो. कच्चे रेशीम उकळून त्यातील डिंक काढतात, मग ते रंगवितात आणि असारीवर उलगडून ताण्यासाठी व बाण्यासाठी तयार करतात. ताण्याचा प्रत्येक धागा फणीतून ओवून घ्यावा लागतो. अंगाचे विणकाम धोट्याने तुलनेने लवकर होते. खरा वेळ जातो तो पदराला. पदराची जमीन जरीच्या बाण्याची असते. तिच्यावर मोर, राघू-मैना, कमळ किंवा आसावलीची वेल उमटविण्यासाठी प्रत्येक रंगाच्या रेशमाची स्वतंत्र कांडी वापरतात. विणकर ती बोटांनी ताण्याच्या मोजक्याच धाग्यांतून फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवितो. एका ओळीत जितके रंग बदलतात, तितक्या वेळा हात थांबतो. त्यामुळे साधा पदर व नारळी काठ असलेली पैठणी काही आठवड्यांत होते, तर भरगच्च पदराच्या व अंगभर नक्षीच्या पैठणीस अनेक महिने लागतात. एकधोटी विणीत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधतात.

विणकामाचे अर्थव्यवहार दोन प्रकारचे आहेत. काही विणकर स्वतःच्या भांडवलावर रेशीम व जर आणून तयार साडी स्वतः विकतात. इतर विणकर व्यापाऱ्याकडून कच्चा माल घेऊन ठरलेल्या मजुरीवर साडी विणून देतात. दुसऱ्या प्रकारात मालाच्या भाववाढीची झळ विणकरास लागत नाही, परंतु विक्रीच्या नफ्यातही त्याचा वाटा नसतो. मजुरी साडीमागे एकाची ठरत असली, तरी कांड्या भरणे, धागे जोडणे यांसारखी कामे घरातील स्त्रिया व वृद्ध माणसे करतात. त्यांचा मोबदला त्याच रकमेत गृहीत धरलेला असतो. केंद्र शासनाच्या चौथ्या हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात सु. ३५ लाख लोक हातमाग व पूरक कामांत गुंतलेले असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण सु. ७० टक्क्यांहून अधिक आहे. विणकर कुटुंबांपैकी सु. दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी असल्याचे याच गणनेत नमूद आहे. भरजरी वस्त्र विणणारे हात आणि ते परिधान करणारे अंग यांतील अंतर या आकड्यांवरून लक्षात येते.

या पार्श्वभूमीवर भावाची घासाघीस हा केवळ व्यवहारचातुर्याचा विषय राहत नाही. रेशीम व जर यांचे दर बाजार ठरवितो. ते ग्राहकाच्या आग्रहाने उतरत नाहीत. विक्रेता आपला नफाही सहसा सोडीत नाही. अखेरीस कपात होऊ शकते ती मजुरीत. उलट, अधिक किंमत दिली म्हणजे ती विणकराच्या हाती पडतेच असेही नाही. म्हणून किती दिले याबरोबर कोणास दिले हेही महत्त्वाचे ठरते. येवल्यात अनेक विणकरांच्या घरीच माग असून ग्राहक तेथे जाऊन विणकाम पाहू शकतो व थेट खरेदीही करू शकतो. विणकरांच्या सहकारी संस्था व हातमाग प्रदर्शने हे असेच जवळचे मार्ग होत.

खऱ्या मालाची पारख : पैठणीसारखी दिसणारी यंत्रमागावरील साडी बाजारात विपुल मिळते. ती ‘सेमी-पैठणी’ या नावाने व तिच्या योग्य किंमतीस विकली जात असेल, तर त्यात गैर काही नाही. ज्यांना पैठणी परवडत नाही, त्यांची हौस तिच्यामुळे भागते. फसवणूक होते ती नाव व किंमत यांत. पारख करताना साडीची उलटी बाजू प्रथम पाहावी. हाताने कांडी फिरवून विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते व पाठीमागे मोकळे धागे लोंबत नाहीत. यंत्रावर जादा बाण्याने काढलेल्या नक्षीच्या मागे धाग्यांचे लांब टाके अथवा ते कापल्याच्या खुणा आढळतात. अर्थात हातमागासही जकार्डची जोड देऊन जादा बाण्याची नक्षी काढता येत असल्याने एवढ्या एकाच खुणेवर निर्णय करू नये. हातकामात मोरांच्या रांगेतील एखादा मोर किंचित वेगळा असतो. यंत्राच्या नक्षीत असा फरक पडत नाही.

रेशमाची परीक्षा कडेचा एखादा सुटा धागा जाळून करता येते. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो व बोटांनी चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी बनते. जरीचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत : रेशमावर चांदीची तार गुंडाळून तीस सोन्याचा मुलामा दिलेली खरी जर, तांब्याच्या तारेस चांदीचा व वर सोनेरी मुलामा दिलेली जर, आणि धातूचा थर दिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीची जर. तिन्हींच्या किंमतींत व आयुष्यात फार मोठा फरक असल्याने पावतीवर रेशमाबरोबर जरीचाही प्रकार लिहून घेणे इष्ट असते.

प्रमाणचिन्हे व कायदे : वस्त्रावरील निरनिराळी चिन्हे निरनिराळ्या गोष्टींची ग्वाही देतात व त्यांत अनेकदा गल्लत होते. ‘सिल्क मार्क’ हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून प्रचारात आलेले चिन्ह केवळ रेशमाच्या शुद्धतेचे आहे. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावरही विणलेली असू शकते. २००६ मध्ये सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ हे वस्त्र हातमागावर विणल्याचे द्योतक आहे. भौगोलिक निर्देशन हे मूळ प्रदेश व तेथील पारंपरिक पद्धती यांची खूण होय. यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ मध्ये अंमलात आला आणि २०१० मध्ये पैठणी साड्या व कापड यांची त्याखाली नोंद झाली. नोंदविलेल्या नावाचा खोटा वापर हा शिक्षापात्र गुन्हा आहे. शुद्ध रेशीम, हातमाग व मूळ प्रदेश या तिन्ही गोष्टींची खात्री हवी असल्यास तिन्ही पुरावे स्वतंत्रपणे मागावे लागतात. यांपैकी एकही चिन्ह विणकरास मिळालेल्या मजुरीबद्दल काही सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये करण्यात आला. प्रारंभी २२ प्रकार राखीव होते. पुढे ते ११ वर आले. विशिष्ट प्रकारच्या साड्यांचा त्यांत समावेश आहे. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मान्य केली. तथापि देशभर विखुरलेल्या लक्षावधी मागांवर देखरेख ठेवणे अवघड असल्याने त्याची अंमलबजावणी तोकडी पडते. १९०५ च्या स्वदेशी ठरावाची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. मालाविषयी खोटी माहिती दिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी तपशीलवार पावती हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. ग्राहकांना संघटित करण्याच्या कामी महाराष्ट्रात १९७० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या ग्राहक पंचायतीचा वाटा मोठा आहे.

कच्चा माल व पर्यावरण : कोणतेही वस्त्र सर्वस्वी निर्दोष नसते. कापसास पाणी भरपूर लागते, एक किग्रॅ. सुती कापडामागे जगात सरासरी सु. १०,००० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज आहे. महाराष्ट्रातील कापूस बव्हंशी कोरडवाहू असल्याने त्याचा भार पाटाच्या पाण्यावर कमी पडतो. परंतु पावसाच्या लहरीचा व कीटकनाशकांच्या खर्चाचा बोजा शेतकऱ्यावर येतो. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते, ते कुजत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात. रंगकामातील सांडपाणी प्रक्रियेविना सोडल्यास नद्या-नाले दूषित होतात. तुती रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोशातील किडा उष्णतेने मारावा लागतो. ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून कातलेले ‘अहिंसा रेशीम’ उपलब्ध आहे. मात्र त्याचा धागा तुटक असल्याने त्यास नेहमीच्या रेशमाइतकी चकाकी नसते. अशा वेळी निर्दोष वस्तूचा शोध घेण्याऐवजी कोणता दोष आपणास अधिक गंभीर वाटतो, हे ठरवून निवड करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वापर व जतन : वस्त्र कसे घेतले याइतकेच ते किती काळ वापरले हेही महत्त्वाचे आहे. दर हंगामास नवी टूम काढून स्वस्त कपडे विकण्याची आणि ते थोड्याच दिवसांत टाकून देण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. उत्पादनाचा वेग, मजुरीतील काटकसर व कचऱ्याचे ढीग हे तिचे परिणाम होत. मराठी घरांतील जुनी रीत याच्या नेमकी उलट होती. विरलेल्या लुगड्याचे बाळाचे दुपटे होई व अनेक जुनी वस्त्रे एकावर एक रचून गोधडी अथवा वाकळ शिवली जाई. उरलेसुरले कपडे बोहारीण भांड्याच्या मोबदल्यात घेऊन जाई व ते दुरुस्त होऊन जुन्या बाजारात पुन्हा विकले जात. ही रीत मुख्यतः टंचाईतून आलेली असली, तरी तिच्यामुळे वस्त्राचा एकेक धागा कारणी लागे.

रेशमी साडी सुती कापडात गुंडाळून ठेवणे, जरीवर अत्तर न लावणे आणि वर्षातून एकदोनदा सावलीत उलगडून घड्या बदलणे या काळजीमुळे तिचे आयुष्य पुष्कळ वाढते. घडी न बदलल्यास रेशीम तेथेच चिरते. खऱ्या जरीच्या जुन्या पैठण्या चांदी-सोन्यासाठी विकत घेऊन गाळल्या जातात व त्यांसोबत जुने नमुनेही नाहीसे होतात. म्हणून विटलेली साडी मोडीत देण्यापूर्वी काठ-पदर नव्या कापडास जोडता येतात काय, हे पाहणे योग्य ठरते.

मर्यादा : ग्राहकाच्या विवेकावर सर्व भार टाकणे न्याय्य नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास स्वस्त कापड घेण्यावाचून पर्याय नसतो व त्याबद्दल त्यास दोष देता येत नाही. मजुरीचे दर, कारखान्यांची सुरक्षितता, सांडपाण्याची व्यवस्था या बाबी शासन, उद्योजक व कामगार संघटना यांच्या कक्षेतील आहेत. शिवाय अविचारी बहिष्काराने कधीकधी ज्याचे हित साधावयाचे त्याचाच रोजगार जातो. तरीही ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचा परिणाम होतो. साडी कोणत्या मागावर विणली, कोणी विणली व जर कोणती आहे, असे गिऱ्हाईक वारंवार विचारू लागले, म्हणजे दुकानदारास ती माहिती ठेवावी लागते. आणि विणकराचे नाव दुकानापर्यंत पोहोचू लागले, म्हणजे मजुरी ठरविताना त्याच्याही शब्दाला वजन येते. येवल्यातील तरुण पिढी मागावर बसेल की नाही, हे पैठणीच्या लौकिकापेक्षा या वजनावर अधिक अवलंबून आहे.